इन्सिनरोर: डबल्समध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

पोकेमॉनच्या डबल्स (दोन विरुद्ध दोन) लढती शिकायला घेतलेल्या माणसाने मला पहिला पोकेमॉन विचारला, की मी डोळे झाकून इन्सिनरोरचं नाव घेतो. आठवडाभराने तोच माणूस तक्रार घेऊन येतो: "याच्याने समोरचं काही मरतच नाही." खरं आहे, मरत नाही. इन्सिनरोर मारायला ठेवलेलाच नसतो. समोरच्याच्या दोन-तीन टर्न (फेऱ्या) फुकट घालवायच्या आणि त्या वेळात आपल्या दुसऱ्या पोकेमॉनला मोकळं रान मिळवून द्यायचं, एवढंच त्याचं काम. हे डोक्यात बसलं की बाकीचं पटापट जमतं.

त्याची ओळखही तशीच आहे. 2016 च्या सन आणि मून या गेममध्ये सुरुवातीला मिळणारं लिटन हे आगीचं मांजर 17 व्या पातळीला टोराकॅट होतं आणि 34 व्या पातळीला इन्सिनरोर. पोकेडेक्स, म्हणजे गेममधला पोकेमॉनचा कोश, त्याला 'हील पोकेमॉन' म्हणतो. व्यावसायिक रेसलिंगमध्ये हील म्हणजे रिंगणातला खलनायक: प्रेक्षकांची हुर्यो खाणारा, पंचांची पाठ फिरली की खोड्या काढणारा. खेळताना हेच चित्र डोळ्यासमोर ठेवा.

पुढचं सगळं स्कार्लेट आणि व्हायलेटमधल्या डबल्सबद्दल आहे, म्हणजे व्हीजीसी या अधिकृत स्पर्धेच्या पद्धतीबद्दल. सहा पोकेमॉनचा संघ आणायचा, समोरचा संघ पाहून त्यातले चार निवडायचे, एका वेळी दोन मैदानात. सगळे 50 व्या पातळीवर मोजले जातात आणि एकच आयटम (पोकेमॉनला धरायला दिलेली वस्तू) संघातल्या दोघांना देता येत नाही. कोणते पोकेमॉन चालतात ते नियमावलीनुसार बदलत राहतं, म्हणून संघ बांधण्याआधी चालू नियमावली बघून घ्या.

पायरी 1: अंगकाठी समजून घ्या

मूळ स्टॅट, म्हणजे क्षमतेचे आकडे, असे आहेत: एचपी (जीव) 95, अटॅक 115, डिफेन्स 90, स्पेशल अटॅक 80, स्पेशल डिफेन्स 90, स्पीड 60. फिजिकल मारात अटॅक आणि डिफेन्स मोजतात, स्पेशल मारात स्पेशलवाले. नवखा माणूस 115 चा अटॅक बघतो आणि हुरळतो. बघायचा तो स्पीडचा आकडा. 60 म्हणजे मंद, आणि हा मंदपणा इन्सिनरोरची निम्मी ताकद आहे. कशी, ते पार्टिंग शॉटपाशी कळेल.

टाइप फायर आणि डार्क. पाणी, जमीन, खडक आणि फायटिंग या चारच टाइपचा मार त्याला दुप्पट लागतो. फायर, ग्रास, आइस, स्टील, घोस्ट आणि डार्क निम्मे लागतात, सायकिक अजिबात लागत नाही. फायर असल्यामुळे तो बर्न होत नाही. डार्क असल्याचा फायदा नवख्यांच्या लक्षात उशिरा येतो: प्रँकस्टर अ‍ॅबिलिटीवाल्याने (अ‍ॅबिलिटी म्हणजे अंगभूत गुण; प्रँकस्टरने स्टेटस मूव्ह आधी चालतात) टाकलेले टॉन्ट, एन्कोरसारखे स्टेटस मूव्ह, म्हणजे थेट मार न देणारे डाव, त्याच्यावर चालत नाहीत. समोर व्हिम्सिकॉट हा प्रँकस्टरवाला दिसला तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

अ‍ॅबिलिटी इंटिमिडेटच हवी (समोरच्यांचा अटॅक उतरवणारी, पायरी 3 मध्ये येईल). ती छुपी अ‍ॅबिलिटी आहे. तुमच्या इन्सिनरोरकडे ब्लेझ असेल तर अ‍ॅबिलिटी पॅच वापरून बदलून घ्या. ब्लेझवाला इन्सिनरोर स्पर्धेत आणण्यात काही अर्थ नाही.

पायरी 2: चार मूव्ह

सुरुवातीला प्रयोग नकोत. फेक आउट, पार्टिंग शॉट, फ्लेअर ब्लिट्झ आणि नॉक ऑफ, एवढ्यावर निदान पन्नास लढती खेळा.

फ्लेअर ब्लिट्झची ताकद 120, पण केलेल्या डॅमेजचा तिसरा हिस्सा स्वतःला लागतो. नॉक ऑफची ताकद 65. समोरच्याकडे आयटम असेल तर दीडपट होते आणि तो आयटमही जातो. या दोघांविषयी आणखी सांगण्यासारखं फार नाही. इन्सिनरोर जिंकतो तो पहिल्या दोन मूव्हवर.

फेक आउटची प्रायॉरिटी, म्हणजे स्पीड न बघता आधी चालण्याचा क्रम, +3 आहे. डॅमेज किरकोळ, पण ज्याला लागतो तो दचकतो आणि त्याची ती टर्न वाया जाते. अट एकच: मैदानात आल्यानंतरच्या पहिल्याच टर्नला तो चालतो. पुढच्या टर्नला तोच दाबला तर मूव्ह फसतो. आत (मैदानाबाहेर) जाऊन परत आलात की पुन्हा चालू. तुम्ही टर्न खर्चून इन्सिनरोरला स्विच करून आणलंत, तर त्याच्या पुढची टर्न ही त्याची पहिली टर्न, हे ध्यानात असू द्या. अनेक जण तिथे फेक आउट विसरतात.

फेक आउट कुणावर टाकायचा? समोरच्या दोघांपैकी जास्त ताकदवान असेल त्याच्यावर, हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं आणि बहुतेक वेळा चुकीचं असतं. या टर्नला ज्याचा मूव्ह झाला नाही तर समोरच्याचा बेत कोसळेल, त्याच्यावर टाकायचा. टेलविंड (आपल्या बाजूचा स्पीड दुप्पट) लावणारा, ट्रिक रूम (मंद तो आधी) लावणारा, फॉलो मी करून जोडीदाराला झाकणारा. फॉलो मीची प्रायॉरिटी +2 आहे आणि प्रँकस्टरवाल्याच्या टेलविंडची +1. फेक आउट दोघांच्याही आधी पोहोचतो. ट्रिक रूम तर −7 वर, सगळ्यांच्या शेवटी. आणखी एक छुपा फायदा: फोकस सॅश (एका वारात मरू न देणारा आयटम) पूर्ण एचपी असतानाच वाचवते. फेक आउटने दोन थेंब रक्त काढलं तरी सॅश निकामी.

तो कुठे चालत नाही ते पाठ करा, कारण अशी एक चूक झाली की सगळी लढत हातची जाते. घोस्ट टाइपला तो लागत नाही. प्रोटेक्ट या त्या टर्नचे वार अडवणाऱ्या मूव्हची प्रायॉरिटी +4, त्यामुळे तिथेही अडतो. सायकिक टेरेन (मैदानावर पसरणारा प्रभाव) असताना जमिनीवर असलेल्या पोकेमॉनवर प्रायॉरिटीवाले मूव्ह चालत नाहीत. फारिगिराफच्या आर्मर टेल या अ‍ॅबिलिटीमुळे तो आणि त्याचा जोडीदार दोघेही सुरक्षित राहतात, सारीनाच्या क्वीनली मॅजेस्टीमुळेही तसंच. कोव्हर्ट क्लोक हा आयटम असेल किंवा इनर फोकस ही अ‍ॅबिलिटी असेल तर मार लागतो पण दचकत नाही.

आता पार्टिंग शॉट. समोरच्या एकाचा अटॅक आणि स्पेशल अटॅक एकेक टप्पा खाली आणायचा आणि आपण आत जायचं. जागेवर आपला दुसरा पोकेमॉन येतो. इथे मंदपणा कामी येतो. इन्सिनरोर बहुधा सगळ्यांच्या शेवटी हलतो. म्हणजे समोरच्यांचे वार आधी इन्सिनरोर खाऊन घेतो, मग तो जातो, आणि नवा पोकेमॉन मैदानात येतो तेव्हा त्या टर्नमध्ये त्याला मारायला कुणी उरलेलं नसतं. साधा स्विच केला असता तर येणाऱ्याने वार झेलले असते. तुमचा नाजूक पण जोरदार मारणारा पोकेमॉन असा अलगद मैदानात आणून ठेवता येतो. टेलविंड आपल्या बाजूला चालू असेल तर इन्सिनरोर आधी हलू शकतो आणि हा हिशोब उलटतो, तेवढं सांभाळा. प्रोटेक्टवर पार्टिंग शॉट टाकला तर तो अडतो आणि तुम्ही आतही जात नाही.

पायरी 3: धाकाचं गणित

इंटिमिडेट मैदानात येताक्षणी समोरच्या दोघांचाही अटॅक एक टप्पा खाली आणतो. एक टप्पा म्हणजे दोन तृतीयांश. आकडे घेऊन बघू. समजा समोरचा एक फिजिकल वार तुमच्या पोकेमॉनचे 90 एचपी नेणार होता. इंटिमिडेटनंतर तो साधारण 60 नेईल. त्याच्यावर पार्टिंग शॉट पडला की दोन टप्पे झाले, म्हणजे निम्मं: 45. दोन टर्ननी इन्सिनरोर पुन्हा आला, पुन्हा इंटिमिडेट: 36. नव्वदचा मार छत्तीसवर आला आणि आपण अजून फ्लेअर ब्लिट्झचं बटणही दाबलेलं नाही. समोरचा शहाणा असेल तर तो आपला पोकेमॉन आत घेऊन टप्पे पुसून टाकेल. घेऊ द्या. त्याची तीही एक टर्न गेलीच की.

स्पेशल मार करणाऱ्यांवर इंटिमिडेटचा काही परिणाम नाही. फ्लटर मेनसमोर इन्सिनरोर उभा करून "धाक का बसत नाही" म्हणणारे मी पाहिलेत. तिथे पार्टिंग शॉट आहे. आणि असे पोकेमॉन तुम्हाला सारखे त्रास देत असतील तर नॉक ऑफच्या जागी स्नार्ल घ्या. तो समोरच्या दोघांचाही स्पेशल अटॅक उतरवतो.

क्रिटिकल हिट (जास्त जोराने बसणारा वार) हे उतरवलेले टप्पे मोजतच नाही. रॅपिड स्ट्राइक उर्शिफूचा सर्जिंग स्ट्राइक्स तीन वेळा लागतो, तिन्ही वेळा क्रिटिकल, वर पाण्याचा. शिवाय त्याच्या अनसीन फिस्टमुळे प्रोटेक्टही कामाचा नाही. तो समोर असताना इन्सिनरोरने मैदानात थांबायचं कारण क्वचितच असतं.

पायरी 4: ईव्ही, आयटम, टेरा

ईव्ही म्हणजे स्टॅट वाढवायला आपण द्यायचे आकडे. एका पोकेमॉनला एकूण 510 ईव्ही देता येतात, एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त 252. 50 व्या पातळीवर पहिल्या 4 ईव्हीचा एक गुण आणि पुढे दर 8 ला एक गुण पडतो, म्हणून 4, 12, 20 असे आकडे वापरतात. मधले वाया जातात.

सुरुवातीसाठी माझी मांडणी अशी: केअरफुल नेचर (स्पेशल डिफेन्स वाढवणारा, स्पेशल अटॅक घटवणारा स्वभाव), एचपीत 252, डिफेन्समध्ये 116, स्पेशल डिफेन्समध्ये 140. आयव्ही (जन्मजात आकडे) पूर्ण असतील तर एचपी 202, डिफेन्स 125 आणि स्पेशल डिफेन्स 140 दिसायला हवेत. आकडे वेगळे दिसले तर काहीतरी चुकलंय. फिजिकल बाजू मुद्दाम कमी ठेवली आहे, कारण तिथे इंटिमिडेट राखण करतोच. अटॅकमध्ये एकही ईव्ही न घालता तो 135 राहतो आणि तेवढा पुरतो. स्पीडला हात लावू नका, 80 आहे तसाच असू दे. काही जण तो आणखी खाली आणतात, ते पुढे अनुभवाने ठरवा.

ईव्ही द्यायचा सोपा रस्ता म्हणजे व्हिटॅमिन. एका डब्याने 10 वाढतात. नेचर मिंटने, आयव्ही बॉटल कॅपने. फेक आउट लिटनला पातळी वाढवून मिळत नाही, तो अंड्यातून किंवा मिरर हर्बने शिकवावा लागतो. एवढ्या खटपटीआधी पोकेमॉन शोडाउन या ब्राउझरवरच्या मोफत सिम्युलेटरवर तोच संघ दोन मिनिटांत बांधून खेळून बघा. आवडला तर मग गेममध्ये घाम गाळा.

आयटममध्ये सिट्रस बेरीपासून सुरुवात करा: एचपी निम्म्यावर आले की पाव भाग परत. अमूंगुसने छळलं असेल तर सेफ्टी गॉगल्स. स्पोर (झोपवणारा) आणि रेज पावडर (वार स्वतःवर ओढणारा) दोन्हींपासून सुटका. असॉल्ट व्हेस्ट स्पेशल डिफेन्स दीडपट करतो खरा, पण तो घातला की स्टेटस मूव्ह बंद, म्हणजे पार्टिंग शॉटच बंद. तो घेतलाच तर यू-टर्न (मारून आत जाणारा मूव्ह) शिकवा. मला विचाराल तर नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. ही दुधाची तहान ताकावर भागवणं आहे.

टेरा म्हणजे लढतीत पोकेमॉनचा टाइप बदलणं. टेरा टाइप ग्रास ठेवा. पाणी आणि जमीन, दोन्ही मोठे शत्रू निम्म्यावर येतात. बरेच जण घोस्ट ठेवतात, कारण मग फायटिंगही लागत नाही आणि समोरचा फेक आउटही. पण टेरा झालं की इन्सिनरोर डार्क राहत नाही. प्रँकस्टरपासूनचं संरक्षण गेलं, सायकिक लागायला लागलं. आणि खरं सांगायचं तर एका लढतीत टेरा एकदाच करता येतं. ते इन्सिनरोरवर खर्च करायची पाळी वारंवार येत असेल तर त्याला चुकीच्या वेळी मैदानात ठेवताय.

पायरी 5: जोडीदार

इन्सिनरोर वेळ मिळवून देतो, तर तो वेळ वापरणारा कुणीतरी संघात हवा. नवख्यांचे संघ इथेच फसतात: सहाच्या सहा मदतनीस, मारणारा कुणीच नाही. एक मोकळी टर्न मिळाली की समोरच्याला सावरू देणार नाही असा पोकेमॉन निवडा. गोल्डेंगो घ्या, एका नॅस्टी प्लॉटने त्याचा स्पेशल अटॅक दुप्पट होतो. रिलाबूम जोडीला असला तर त्याच्या ग्रासी टेरेनमुळे अर्थक्वेकचा जोर निम्मा होतो, जमिनीवरच्या सगळ्यांचे थोडे थोडे एचपी भरतात, आणि त्याच्याकडेही फेक आउट असतो. दोघांनी आळीपाळीने आत-बाहेर केलं की समोरच्याच्या नाकी नऊ येतात.

मदतनीसाने स्पर्धा जिंकून दिल्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण 2014 चं आहे. सेजून पार्क जगज्जेता झाला तेव्हा त्याच्या संघात पाचिरिसू होता, एक चिमुकली इलेक्ट्रिक खार. फॉलो मीने वार स्वतःवर ओढून घ्यायचे आणि जोडीदाराला मोकळं ठेवायचं, हे तिचं काम. इन्सिनरोर त्याच जातकुळीतला, फक्त अंगाने धिप्पाड.

पायरी 6: एक लढत, टर्न मोजून

आपले पहिले दोन: इन्सिनरोर आणि गोल्डेंगो. समोर व्हिम्सिकॉट आणि ड्रॅगोनाइट.

मैदानात येताच इंटिमिडेट. ड्रॅगोनाइटचा अटॅक उतरला का, ते बघा. उतरला नाही तर त्याची अ‍ॅबिलिटी बहुधा इनर फोकस आहे. उतरला तर मल्टिस्केल ही त्याची दुसरी अ‍ॅबिलिटी समजा. एकही बटण न दाबता एक माहिती पदरात पडली.

पहिली टर्न. व्हिम्सिकॉटला टेलविंड लावायचा आहे, हे लपलेलं नाही. फेक आउट त्याच्यावर. टेलविंड थांबतो आणि त्याच्याकडे सॅश असेल तर तीही जाते. गोल्डेंगो नॅस्टी प्लॉट करतो. ड्रॅगोनाइटने एक्स्ट्रीम स्पीड मारला तर गोल्डेंगो घोस्ट असल्याने त्याला लागणार नाही. अर्थक्वेक मारला तर दोघांनाही दुखेल, पण तो उतरलेल्या अटॅकने आणि दोघांवर एकदम जाणारा म्हणून पाऊणच जोराने. त्याच्या स्वतःच्या व्हिम्सिकॉटलाही तो लागेलच.

दुसरी टर्न. आता फेक आउट नाही. व्हिम्सिकॉट टेलविंड लावेल, कारण दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे फारसं नाही: त्याचे स्टेटस मूव्ह गोल्डेंगोवर गुड अ‍ॅज गोल्ड या अ‍ॅबिलिटीमुळे चालत नाहीत आणि इन्सिनरोर डार्क. टेलविंडने ड्रॅगोनाइट लगेच, याच टर्नमध्ये वेगवान होतो आणि आधी मारतो. मारू दे. मग गोल्डेंगोचा मेक इट रेन दोघांवर कोसळतो; सॅश गेलेल्या व्हिम्सिकॉटला स्टीलचा वार दुप्पट लागतो, त्यातून तो वाचणं अवघड. सगळ्यांच्या शेवटी इन्सिनरोर ड्रॅगोनाइटवर पार्टिंग शॉट टाकून आत जातो आणि रिलाबूम ओरखडाही न लागता मैदानात येतो.

तिसऱ्या टर्नला रिलाबूमचा फेक आउट ताजा आहे आणि ड्रॅगोनाइटचा अटॅक दोन टप्पे खाली. समोरच्याचा टेलविंड एकेक टर्नने संपत चाललाय. इन्सिनरोर मागे बसून आहे आणि तो परत येईल तेव्हा इंटिमिडेट आणि फेक आउट दोन्ही नव्याने मिळणार आहेत. म्हणूनच त्याचे शेवटचे वीस-तीस एचपीसुद्धा जपायचे. अर्धमेला इन्सिनरोर मैदानात येऊन एक टर्न जगला तरी दोन्ही कामं करून जातो. नवखे त्याला दुसऱ्याच टर्नला फ्लेअर ब्लिट्झच्या नादात मरू देतात.

पायरी 7: कुणाला भ्यायचं

किंगॅम्बिट. त्याच्याकडे डिफायंट असेल तर कोणताही स्टॅट उतरवला की त्याचा अटॅक दोन टप्पे चढतो. इंटिमिडेट लागला: एक खाली, दोन वर, म्हणजे +1. इथवर ठीक. सुरुवातीच्या दिवसांत मी त्याच्यावर शांतपणे पार्टिंग शॉट टाकला होता. पार्टिंग शॉट दोन स्टॅट उतरवतो, म्हणून डिफायंट दोनदा चालतो. +1 वरून अटॅक गेला +4 वर, म्हणजे तिप्पट. पुढच्या दोन टर्नमध्ये माझ्याकडे मैदानात उभं राहायला कुणी नव्हतं. असा पोकेमॉन समोर असेल तर इन्सिनरोरला पहिल्या दोघांत आणू नका, आणि आणलंच तर पार्टिंग शॉट दुसऱ्यावर टाका. मिलोटिकची कॉम्पिटिटिव्ह तशीच, फक्त चढतो तो स्पेशल अटॅक.

क्लिअर अ‍ॅम्युलेट हा आयटम असलेल्याचे स्टॅट उतरतच नाहीत. त्याच्यावर पार्टिंग शॉट टाकला तर काही उतरत नाही आणि तुम्ही आतही जात नाही, तिथेच मार खात उभे. अधिकृत स्पर्धेत समोरच्याचे आयटम, अ‍ॅबिलिटी, मूव्ह आणि टेरा टाइप लिहिलेला तक्ता आधी मिळतो. ऑनलाइन रँक्ड लढतीत तो नसतो, तिथे अंदाजाने चालावं लागतं. संघ बघायला 90 सेकंद मिळतात. त्यातले पहिले वीस या एकाच प्रश्नाला द्या: समोर डिफायंट, कॉम्पिटिटिव्ह किंवा क्लिअर अ‍ॅम्युलेट कुणाकडे असू शकेल?

तसे दोघे-तिघे दिसले तर त्या लढतीत इन्सिनरोरला चौघांत घेऊच नका. संघात सहा आहेत ते याचसाठी.